गिझर बंद केला का?

कारखान्यात बॉयलर बसवायचा म्हटला की आधी नोंदणी आणि मग निरीक्षक. तो येतो, आत डोकावतो, दाब देऊन बघतो आणि सगळं मनासारखं असेल तर ठरावीक मुदतीचा दाखला देतो. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. बॉयलरशेजारी उभं राहणाऱ्या माणसालाही परीक्षा पास व्हावी लागते. हा जामानिमा कुणाच्या हौसेखातर झालेला नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, म्हणून १८६४ मध्ये बंगालपुरता कायदा आला, १९२३ मध्ये तो देशाचा झाला आणि २०२५ मध्ये नव्याने लिहिला गेला.

एवढ्या मोठ्या कायद्याच्या तावडीतून आपल्या न्हाणीघरातला गिझर मात्र अलगद सुटला आहे. ज्याची क्षमता २५ लिटरपेक्षा कमी, किंवा ज्यातला दाब दर चौरस सेंटीमीटरला १ किलोपेक्षा कमी, किंवा ज्यात पाणी १०० अंशांच्या आतच तापतं, ते भांडं सरकारदरबारी बॉयलर नव्हे. तिन्हींपैकी एक सवलत पुरते. म्हणजे १५ लिटरवाला गिझर पहिल्याच पेपरात सुटतो आणि २५ लिटरवाला पहिल्यात काठावर नापास होऊन तिसऱ्यात निघतो. कायद्याचंही बरोबरच आहे. घरोघरच्या न्हाणीघरात निरीक्षक पाठवायचे तर त्यांना आधी दारावर टकटक करून ‘आत कोण आहे?’ असं विचारावं लागेल, आणि आतून ‘पाच मिनिटं!’ असं उत्तर येईल. ही पाच मिनिटं किती असतात हे ज्याच्या घरात एकच न्हाणीघर आहे त्याला सांगायला नको.

सरकारने अंग काढून घेतल्यावर घरच्या बॉयलरचे निरीक्षक घरातच नेमणं आलं. या पदाची पात्रता एकच, ती म्हणजे स्वतःची आंघोळ आधी उरकलेली असली पाहिजे. आमच्या घरात हे पद वडिलांकडे आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी कढत पाण्याने ते मनसोक्त आंघोळ करतात आणि मग दिवसभर विजेच्या बचतीवर बोलतात. ‘गिझर बंद केला का?’ हा प्रश्न त्यांनी घरातल्या प्रत्येकाला विचारला आहे, आणि ज्यांनी गिझरला हातही लावलेला नाही अशा पाहुण्यांनाही. पुणे-मुंबई प्रवासात बस लोणावळ्याला थांबली की अर्धी माणसं वडापावकडे धावतात आणि उरलेली अर्धी फोनवर शेजाऱ्यांना सांगतात, ‘किल्ली तुमच्याकडे आहेच, जरा गिझरचं बटण बघाल का?’ शेजारी बिचारे जातात, बघतात. ‘बंदच होतं हो,’ असं सांगताना त्यांच्या आवाजात थोडी निराशा असते. एवढे दोन जिने चढून गेलो तर निदान चालू तरी असायला हवा होता.

सगळ्यांची काळजी बटणाची असते, म्हणजेच मीटरची. बटणाच्या पलीकडे भिंतीवर डोक्याच्या वर एक पोलादी टाकी लटकते, तिच्यात पाणी, वीज, उष्णता आणि दाब ही चार मंडळी एकत्र नांदतात, याकडे बघायला कुणाला सवड नाही. फ्रिज पुसला जातो, मिक्सरची भांडी उन्हात वाळतात, वॉशिंग मशिनला झालरीचा झगा शिवला जातो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ, शिलाई यंत्राला हळदकुंकू, संगणकालाही फूल. गिझरला आजवर कुणी साधी अक्षताही वाहिलेली मी पाहिली नाही. तो न्हाणीघरात राहतो एवढाच त्याचा गुन्हा.

याच जागेवर आधी बंब होता, आणि त्याचा थाट निराळा होता. तांब्याचा गोल देह, पोटातून वर गेलेलं धुराडं, खाली जाळी, बाजूला तोटी. वखारीतून बंबफोड यायची. तिच्या जोडीला करवंट्या, गोवरीचे तुकडे, फाटक्या वह्या आणि प्रसंगी नापास झालेल्यांच्या प्रगतिपुस्तकांपर्यंत सगळं बंबाच्या पोटात जात असे. कोकण-गोव्यात न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाणं, देशावर बंब. दिवाळीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने घासून इतका लखलखीत करायचे की त्यात भांग पाडता यावा. मग हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि एक नियम घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता, तो म्हणजे आधी पाणी आणि मग आग. रिकाम्या बंबात जाळ केला की सांध्यांचा डाख वितळायचा, बंब गळायला लागायचा आणि तो उचलून तांबट आळीत न्यावा लागायचा. तिथून तो डाख लावून परत येईपर्यंत घरभर त्या जाळ करणाऱ्याचा उद्धार चालायचा.

मी काही बंबाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. डोळ्यांत धूर, भिंतीला काजळी, पहाटे उठून जाळ घालणारी एकच बाई आणि अंथरुणात पडून ‘पाणी तापलं का गं?’ विचारणारे सतरा पुरुष, असा त्याचा संसार होता. पण त्याची देखभाल रोज व्हायची, कारण तो देखभाल केल्याशिवाय चालायचाच नाही. राख काढली नाही तर पेटायचा नाही. धुराडं कोंदलं तर धूर माघारी फिरून घर खोकवायचा. त्याच्या सगळ्या तक्रारी ताबडतोब आणि मोठ्याने व्हायच्या. गिझर सुसंस्कृत निघाला. तो वर्षानुवर्षं मुकाट्याने चालतो, आणि मग एक दिवस, बहुधा डिसेंबरातल्या सर्वांत थंड पहाटे, घरी पाहुणे असताना, मुकाट्याने बंद पडतो.

आता बचतीचं बघू, कारण त्यावर घरात वाद जास्त आहेत आणि गणित कमी. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. कॉइल २ किलोवॉटची असेल तर हे काम अठरा-वीस मिनिटांत होतं. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्यामुळे तिची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच मिळते, मग गिझर स्वस्त असो की महाग. ठरलेल्या तापमानाला थर्मोस्टॅट वीज तोडतो. एवढं असूनही वडील सातच्या आंघोळीसाठी साडेपाचला बटण दाबतात. ‘पाणी मुरावं लागतं,’ असं त्यांचं म्हणणं आहे. दरम्यान टाकी हळूहळू निवते, थर्मोस्टॅट पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो, आणि त्या मुरवलेल्या पाण्याला लोणच्याइतकीही चव येत नाही.

गिझरवरचे तारे हीसुद्धा अशीच गैरसमजाची खाण आहे. दुकानात लोक पाच तारे बघून हरखतात. त्यांना वाटतं, हा कमी विजेत पाणी तापवणार. तारे प्रत्यक्षात मोजतात ते तापलेलं पाणी नुसतं तापतं ठेवायला चोवीस तासांत किती वीज वाया जाते हे. म्हणजे तारे आहेत टाकीच्या पांघरुणाला. ज्याच्याकडे गिझर दिवसभर चालू असतो त्याला या ताऱ्यांचा खरा फायदा. आमच्यासारखी कुटुंबं चांगले जास्तीचे पैसे मोजून पाच तारे घरी आणतात आणि शेवटची बादली भरली की पळत जाऊन बटण बंद करतात. तारे बिचारे उगवतात आणि लगेच मावळतात.

थर्मोस्टॅटच्या चकतीची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. बसवणारा माणूस ती शेवटापर्यंत फिरवून जातो, कारण त्याला ‘पाणी नीट तापत नाही’ असा फोन नको असतो. मग नळातून ७५ अंशांचं पाणी येतं, त्यात आपण गार पाणी ओतत बसतो. आधी तापवायला वीज द्यायची आणि मग निववायला पाणी, हा उद्योग बघून कुणीही म्हणेल की चकती खाली आणा. पण त्यालाही एक बाजू आहे. ७५ अंशांच्या १५ लिटरमध्ये गार पाणी मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं सुमारे ५० लिटर पाणी होतं. ६० अंशांवर तेच ३५ लिटर भरतं. घरात एकामागून एक चार जणांना ऑफिस आणि शाळा गाठायची असेल तर हा पंधरा लिटरांचा फरक म्हणजे भांडण होणं आणि न होणं एवढा आहे. तरी माझं मत ६० अंशांच्या बाजूने. त्याहून वर गेलं की पाण्यातले क्षार झपाट्याने खाली बसतात, आणि मुलांचे हात आणखी पटकन भाजतात ते वेगळं. अगदी कोमटावर आणून ठेवण्यातही शहाणपण नाही. साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू मजेत वाढतात. आपली आंघोळ व्हावी, त्यांची वंशवेल कशाला?

नागपूरकर आणि जळगावकर मंडळींनी वरचा सगळा परिच्छेद मे महिन्यात वाचू नये. त्यांच्याकडे तेव्हा गच्चीवरची काळी टाकी हाच गिझर असतो, तिला बटण नसतं, आणि दुपारी हात धुवायला आधी धैर्य गोळा करावं लागतं.

मूळ मुद्दा सुरक्षिततेचा. गिझर मुका आहे असं मी वर म्हटलं खरं, पण तो तीन प्रकारे बोलतो, आणि तिन्ही वेळा आपण त्याचं तोंड बंद करतो.

पहिला प्रकार गळण्याचा. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ एक पेलाभर जास्त जागा मागतं. ती जागा मिळाली नाही की दाब वाढतो, आणि तो वाढीव दाब बाहेर सोडायला गिझरला सेफ्टी वॉल्व्ह असतो. गिझर चालू असताना त्यातून थोडे थेंब पडणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे. पण मराठी मध्यमवर्गाला गळणारी कुठलीही गोष्ट सहन होत नाही. थेंब दिसला की आधी खाली मग ठेवला जातो. मग प्लंबर. आणि एखादा कामसू प्लंबर त्या वॉल्व्हच्या तोंडाला टोपण बसवून, वर टेप गुंडाळून, ‘आता एक थेंब आला तर पैसे परत’ अशी हमी देऊन जातो. थेंब येत नाही हे खरं. फक्त आता त्या टाकीत थर्मोस्टॅट बिघडला तर वाट कुठेच उरलेली नाही. एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून जास्त जागा घेते. तेवढी जागा आपल्या न्हाणीघरात आहे का, याचं मोजमाप कुणी घेतलेलं नसतं. वॉल्व्ह सारखाच धो धो वाहत असेल, तर तो बदलायचा किंवा इमारतीच्या पाण्याचा दाब तपासायचा. टोपण हे उत्तर नाही.

दुसरा प्रकार पडण्याचा. मीटरच्या पेटीत ईएलसीबी नावाचा एक खटका असतो. विजेची थोडीशी गळती झाली, अगदी ३० मिलिअँपिअरची, तरी तो क्षणात पडतो आणि घर अंधारात जातं. सकाळी गिझर लावला की तो पडायला लागला, तर त्याचा अर्थ बहुधा गिझरची कॉइल आतून तडकली आहे आणि वीज पाण्यात उतरते आहे. घरात मात्र त्याचा अर्थ ‘तो खटका खराब आहे’ असा काढला जातो. वायरमन येतो, ‘फार नाजूक बसवलाय’ म्हणत तो काढतो आणि थेट जोडून देतो. आता अंधार होत नाही. फक्त नळाला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. त्यावरही उपाय निघतो आणि घरातली सगळी माणसं रबरी चपला घालून आंघोळ करू लागतात. अशा घरी मी मुक्कामाला राहिलो आहे. यजमानांनी टॉवेलबरोबर चपलाही पुढे केल्या आणि अतिशय आपुलकीने म्हणाले, ‘तोटी उजव्या हाताने धरा, डाव्याला जरा जास्त लागतं.’ जुन्या वाड्यांतून आणि इमारतींतून तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं, त्याच्या मागे अर्थिंगची तार पोहोचलेलीच नसते. २ किलोवॉटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट लागतं. ते दूर आहे म्हणून बारीक पिनांचा प्लग लावून मोबाइलच्या चार्जरशेजारी जोडलेला गिझरही मी पाहिला आहे. त्या सॉकेटचा रंग मुळात पांढरा होता म्हणे.

याच वंशातला एक धाकटा भाऊ म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. पुण्यातल्या भाड्याच्या खोल्यांमधून विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या याच्यावर न्हाल्या असतील, गणती नाही. रॉडला थर्मोस्टॅट नसतो. रूम पार्टनर हाच थर्मोस्टॅट, आणि तो झोपलेला असतो. प्लॅस्टिकची बादली वितळली तर निदान वास तरी येतो. पण ‘तापलं का’ हे बघायला बटण चालू ठेवून पाण्यात बोट घालण्याची जी पद्धत आहे, तिला मी विनोदात बसवू शकत नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट.

तिसरा प्रकार वाऱ्याचा, आणि इथे मला आवाज थोडा खाली आणावा लागेल. गॅसवर पाणी तापवायचं यंत्र १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन याने काढलं. नळ सोडला की कढत पाणी, ही त्या काळात चैनीची हद्द होती. त्या यंत्राला धुराडंच नव्हतं. ज्वलनातून निघालेले वायू थेट आंघोळ करणाऱ्याच्या नाकाशी. आपल्या आजीच्या बंबाला तांब्याचं का होईना, धुराडं होतं. दीडशेहून अधिक वर्षं गेली, आणि आपण काय केलं? भिंतीवरचा छोटा, सुबक, बिनधुराड्याचा गॅस गिझर आणला आणि नेमका न्हाणीघराच्या आत बसवला.

गॅस पुरेशा हवेत जळला तर ज्योत निळी असते. हवा अपुरी पडली की ती पिवळी पडायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो, म्हणून गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि दाराची कडी काढायचं बळ उरत नाही. आता आपल्या घरी आंघोळ करून बाहेर आलेला माणूस ‘डोकं दुखतंय, मळमळतंय’ म्हणाला तर काय निदान होतं? पित्त. ‘उपाशीपोटी एवढ्या कढत पाण्याने न्हायलास, पित्त उसळणारच.’ त्याला आमसुलाचं सार दिलं जातं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच बंद न्हाणीघरात जातो.

आणि न्हाणीघर बंद का? तर थंडी वाजते. काचेच्या तिरक्या पट्ट्यांच्या खिडकीतून गार वारा येतो, म्हणून नोव्हेंबर लागला की त्या खिडकीला कॅलेंडर किंवा पुठ्ठा ठोकला जातो. जी फट जीव वाचवते, तीच आधी डोळ्यांत येते. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, हवा खेळती असेल अशा जागी लावायचा, एवढंच खरं उत्तर आहे. पाइप थोडा लांब जाईल, दोन फरश्या फुटतील, फुटू द्याव्यात. तोवर आतच असेल तर दार उघडं ठेवून बादल्या भराव्यात, गिझर बंद करावा आणि मग आत जाऊन कडी लावावी. बऱ्याच गॅस गिझरना वीसेक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती आंघोळीच्या मध्येच येते म्हणून लोक तिला शिव्या देतात आणि साबणाच्या हाताने पुन्हा चालू करतात. या यंत्राला ठिणगीसाठी दोन जाडे सेल लागतात. ते संपले की गिझर पेटत नाही. त्याची एवढी देखभाल मात्र आपण वेळच्या वेळी करतो, कारण त्यावाचून पाणी गारच येतं.

सौर बंबाबद्दल थोडक्यात. तो सज्जन आहे, इंधन मागत नाही, आणि पुण्यात त्याच्यापायी मालमत्ता करात सवलतही मिळते. फक्त गरम पाणी गच्चीवर असतं आणि आंघोळ तळमजल्यावर. मधल्या पाइपातलं गार पाणी निघून जाईपर्यंत नळ सोडून उभं राहायचं. वरच्या मजल्यावर एका तांब्यात काम होतं, खालच्याला बादली जाते. सोसायटीच्या सभेत या बादलीवर जेवढी चर्चा होते तेवढी लिफ्टवरही होत नाही. नळ्यांवरची धूळ महिनोन्महिने पुसली जात नाही, कारण ती पुसायची कुणी यावर ठराव व्हायचा आहे. मग पावसाळा येतो आणि ती आपोआप धुऊन निघते, पण तेव्हा सूर्य रजेवर असतो.

आमचा गिझर गेल्या हिवाळ्यात बोलू लागला तेव्हा त्याने चौथीच भाषा काढली. तापताना आतून खदखद, मग कुरकुर, मग कुणीतरी खडे चाळतंय असा आवाज. वडील म्हणाले, ‘जोरात तापतोय.’ आमच्या भागात वर्षातले काही महिने टँकरचं पाणी असतं, म्हणजे बोअरचं, म्हणजे क्षारांचं. हे क्षार कॉइलवर थर धरतात. थराखाली कॉइलची उष्णता कोंडते, पाण्याला ती मिळायला वेळ लागतो, आणि अडकलेलं पाणी थराखाली उकळून असा आवाज करतं. कॉइल जास्त तापून शेवटी तडकते. अशा पाण्याच्या घरी वर्षा-दोन वर्षांनी गिझर उघडून साफ करणं हा काही लाड नव्हे.

मेकॅनिक आला, त्याने मुख्य खटका पाडला, टेस्टर लावून बघितलं आणि टाकी रिकामी केली. खालची बशी खोलली तेव्हा न्हाणीघराच्या दारात सगळं घर जमलं होतं. कॉइल बाहेर आली ती ओळखू येईना. चुन्यासारखा पांढरा जाड थर आणि मध्ये कुठेतरी ती. मेकॅनिकने खाली वर्तमानपत्र अंथरून हलक्या हाताने ठोकलं तर खपल्यांचा ढीग पडला. ‘हे आपण पितो?’ आईने विचारलं. ‘नाही हो, ह्याने आंघोळ करतो,’ वडील म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते फारसं दिलासादायक वाटलं नाही.

मग त्याने आतून एक काडी काढून दाखवली. अ‍ॅनोड रॉड. मुळात बोटाएवढी मॅग्नेशिअमची सळई असते, आता वाकडीतिकडी तार उरली होती. टाकीच्या पोलादाला जो गंज चढायचा तो ही सळई स्वतःवर ओढून घेते. थोरल्या सुनेसारखी ती गुपचूप झिजत असते म्हणून घर उभं असतं, आणि ती संपली हे टाकी फुटल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. सळई टाकीच्या मानाने फार स्वस्त मिळते. तरी वडिलांचा चेहरा संशयी झाला. ‘हे काय नवीन काढलंत? आमच्या बंबात असलं काही नव्हतं.’

‘बंब तांब्याचा होता, काका. तांबं असं गंजत नाही.’

वडिलांनी यावर काही उत्तर दिलं नाही, पण सळई बसवू दिली. त्यांच्या बाबतीत याला संमती म्हणतात. नवी कॉइल आणि नवं गॅस्केट पडलं, वॉल्व्ह मोकळा करून बघितला, चकती ७५ वरून ६० वर आली. जुनी कॉइल मेकॅनिक पिशवीत टाकत होता, ती वडिलांनी मागून घेतली. कधी लागली तर असावी. माळ्यावर ती आता फुटक्या मोठ्या घंगाळाच्या आणि दोन बंद इस्त्र्यांच्या शेजारी आहे.

‘आता आधी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा,’ मेकॅनिक हात पुसत म्हणाला. ‘टाकी भरून नळातून सलग धार पडेपर्यंत बटण दाबायचं नाही. कोरडी कॉइल जळते.’

‘ते आम्हाला शिकवू नका,’ वडील म्हणाले. ‘आधी पाणी, मग आग. बंब होता आमच्याकडे.’

धार पडली. बटण दाबलं. लाल दिवा लागला. आवाज नाही, झिणझिण्या नाहीत, अठराव्या मिनिटाला दिवा आपोआप गेला. मेकॅनिकने खिशातून काळा मार्कर काढून गिझरच्या अंगावर तारीख लिहिली आणि वडिलांना म्हणाला, ‘झालं काका. आता पुढच्या वर्षी याच सुमाराला फोन करा, परत उघडून बघू.’

‘पुढच्या वर्षी?’ वडील म्हणाले. ‘पण आता तर चांगला चालतोय की!’